डाव्या पायाची सुटी

निसर्गानें माणसाला पाय दोनच दिले, पण मोटार बांधणारांनीं त्याच्यापुढें पेडलें तीन ठेवलीं. उजवा पाय पेट्रोल आणि ब्रेक सांभाळतो. डाव्याच्या वांट्याला क्लच येतो. मोकळ्या रस्त्यावर डाव्या पायास फारसें काम नसतें. परंतु दिवाळीच्या आदल्या आठवड्यांत लक्ष्मी रस्त्यावर, किंवा कोणत्याहि संध्याकाळीं कर्वे रस्त्यावर गाडी घेऊन गेलें, म्हणजे त्या बिचाऱ्या पायाची काय अवस्था होते तें ज्याचें त्यालाच ठाऊक. हें तिसरें पेडल काढून टाकावें आणि त्याचें काम यंत्राकडे सोपवावें, ही कल्पना फार जुनी आहे. मोठ्या व महागड्या गाड्यांत ती ऐंशी वर्षांपूर्वींच सफल झाली. लहान, काटकसरीच्या गाड्यांत मात्र ती पुन्हां पुन्हां अडखळली. असें कां व्हावें, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय केवळ यंत्रशास्त्राचा आहे असें कोणी समजूं नये. ह्या इतिहासाचीं कांहीं महत्त्वाचीं पानें आपल्या पुण्याच्या परिसरांत लिहिलीं गेलीं आहेत. शिवाय मध्यम स्थितींतील कुटुंबांत लहान मोटार ही घराच्या खालोखाल मोठी खरेदी असते. तिच्यासाठीं कर्ज काढलेलें असतें, नाहीं तर निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेली रक्कम मोडलेली असते. गुडघा दुखतो म्हणून, किंवा घरांतील सर्वांना गाडी चालवितां यावी म्हणून, चार पैसे अधिक देऊन स्वयंचलित गिअरची गाडी घ्यावी, आणि हमीची मुदत संपतांच त्याच गिअरच्या दुरुस्तीचें मोठें बिल हातीं पडावें, असें झालें तर त्या घराचा वर्षाचा हिशेब कोलमडतो. तेव्हां हें यंत्र कां बिघडतें हें जाणणें गृहस्थाच्याहि हिताचें आहे.

प्रथम गिअर हवाच कशाला, तें पाहूं. बैल किंवा घोडा उभ्या जागेवरून गाडी ओढूं शकतो. पेट्रोलच्या इंजिनाचें तसें नाहीं. तें थांबलेलें असतां त्याच्या अंगीं मुळींच बळ नसतें, आणि सावकाश फिरत असतां फारच थोडें असतें. मिनिटाला हजार-दोन हजार फेरे होऊं लागले म्हणजे त्याला जोर येतो. म्हणून इंजिन वेगानें फिरावें आणि चाकें मात्र हळू फिरावींत, अशी तजवीज करावी लागते. दांत्यांच्या लहानमोठ्या चक्रांनीं ती साधते. तिलाच आपण गिअर म्हणतों. कात्रजचा घाट चढतांना दुसरा गिअर आणि सपाटीवर पांचवा, हा त्याचाच व्यवहार होय. आतां फिरणारें इंजिन आणि थांबलेलें चाक यांची गांठ एकदम घालून दिली, तर इंजिन बंद तरी पडेल, नाहीं तर गाडी उडी तरी मारील. यासाठीं दोघांच्या मध्यें क्लचची तबकडी असते. ती थोडा वेळ घसरते, घसरतां घसरतां दोघांचा वेग जुळवून आणते, आणि मग घट्ट धरते. घसरणें म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे उष्णता. ही एवढी एक गोष्ट श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी. पुढचा सारा इतिहास ह्या उष्णतेची वाट कशी लावावयाची, याचा इतिहास आहे.

तिची पहिली उत्तम सोय एका जर्मन इंजिनिअरानें लाविली, आणि तीहि मोटारीसाठीं नव्हे, जहाजासाठीं. हेरमान फ्योटिंगर हा श्टेटिन येथील व्हल्कान ह्या जहाज बांधणाऱ्या कारखान्यांत होता. १९०५ सालीं त्यानें एका युक्तीचें पेटंट घेतलें. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच सुरू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. वाऱ्याच्या जागीं तेल घालून दोन्ही पंखे एका बंद डब्यांत बसविले, कीं फ्योटिंगरच्या युक्तीची कल्पना येते. इंजिन एक पंखा फिरवितें. तेलाच्या लोटानें दुसरा फिरतो व चाकांना ओढतो. गाडी उभी असली तर दुसरा पंखा स्वस्थ राहतो, आणि इंजिन बंदहि पडत नाहीं. यांत तबकडीला तबकडी घासत नाहीं. घसरतें तें तेल आणि तापतें तेंहि तेलच. आणि तापलेलें तेल नळीवाटे बाहेर नेऊन थंड करतां येतें. ह्या जोडाच्या सुधारलेल्या रूपाला आज टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें १९३९ च्या अखेरीस, १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाडीसाठीं, ‘हायड्रामॅटिक’ नांवाचा गिअर बाजारांत आणला. त्यांत तेलाचा जोड व चार गति होत्या, आणि क्लचचें पेडल मुळींच नव्हतें. दुसऱ्या महायुद्धांत तोच गिअर अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसविण्यांत आला. १९४८ सालीं ब्यूक गाडींत ‘डायनाफ्लो’ हा टॉर्क कन्व्हर्टरचा गिअर आला. अमेरिकन गाड्यांचीं इंजिनें अवाढव्य, पेट्रोल स्वस्त आणि पुढच्या झाकणाखालीं जागा भरपूर होती. तेल घुसळण्यांत शक्तीचा कांहीं भाग फुकट गेला, तरी त्याची कोणास क्षिति नव्हती. ह्या गिअरच्या टिकाऊपणाचें रहस्य ह्या सुबत्तेंत आहे. त्याला प्रत्येक गोष्ट जरुरीपेक्षां थोडी अधिक मिळत होती.

युद्धानंतर युरोपांत लहान गाड्यांचा काळ आला. तेथें पेट्रोल महाग, पगार बेताचे आणि रस्ते अरुंद. लहान गाडीच्या इंजिनाची शक्ति आधींच थोडी. तिच्यांतला हिस्सा तेल घुसळण्यांत घालविणें परवडण्यासारखें नव्हतें. अमेरिकन गिअर तिच्यावर लादणें म्हणजे नाकापेक्षां मोती जड! येथून लहान गाडीसाठीं नव्या युक्त्या शोधण्याची परंपरा सुरू झाली. बहुतेक युक्त्यांचें सूत्र एकच होतें : तेलाचा जोड वगळावयाचा, किंवा तेलांत काटकसर करावयाची. प्रत्येक युक्तीनें कांहीं तरी वांचविलें. आणि जें वांचविलें त्याचीच उणीव पुढें भासली.

हॉलंडांतील आइंडहोव्हन गांवच्या हब व्हान डोर्न यांच्या डाफ कंपनीनें १९५८ सालीं ५९० घन सेंटिमीटर इंजिनाची एक छोटी मोटार ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत मांडली. तिच्यांत दांत्यांच्या चक्रांऐवजीं रबरी पट्टे आणि मिटत-उघडत जाणाऱ्या कप्प्या होत्या. कप्पीच्या दोन्ही बाजू जवळ आल्या कीं पट्टा वर सरकतो, दूर गेल्या कीं आंत उतरतो. त्यामुळें गिअर बदलण्याचा धक्काच उरत नाहीं. ही गाडी जितक्या वेगानें पुढें जाई तितक्याच वेगानें मागेंहि जाऊं शके, आणि पुढें डच लोकांनीं गाड्या उलट्या पळविण्याच्या शर्यती लावून तिची मौज केली. पट्टे मात्र रबराचे. ते झिजत व बदलावे लागत. १९६५ सालीं इंग्लंडच्या ‘मिनी’ गाडींत ऑटोमोटिव्ह प्रॉडक्ट्स कंपनीचा चार गतींचा स्वयंचलित गिअर आला. त्यांत तेलाचा जोड होता, परंतु जागेची काटकसर अशी केली कीं, इंजिन व गिअर दोघांना मिळून तेल एकच. इंजिनाची काजळी ज्या तेलांत उतरते, त्याच तेलानें गिअरच्या बारीक झडपा चालवावयाच्या! अशा यंत्राचें आयुष्य मालक तेल किती नियमितपणें बदलतो, यावरच अवलंबून राहिलें.

आपल्याकडे ही कल्पना मोटारीच्या आधीं दुचाकीवर बसून आली, आणि ती पुण्यांतूनच आली. १९७२ सालीं फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीनें ‘लूना’ काढली. तिला गति एकच, आणि क्लच असा कीं, इंजिनाचे फेरे वाढले म्हणजे फिरण्याच्या जोरानेंच तो आपोआप धरी. १९८४ सालीं त्याच कंपनीनें जपानच्या होंडा कंपनीशीं भागीदारी करून ‘कायनेटिक होंडा’ आणली. ती बनत असे मध्य प्रदेशांत पीथमपूर येथें, पण तिचें माहेर पुणेंच. त्या वेळच्या नेहमींच्या स्कूटरचा गिअर डाव्या मुठींत असे व सुरू करण्यास लाथ मारावी लागे. कायनेटिक होंडा बटन दाबतांच सुरू होई, आणि तिला गिअरच नव्हता. व्हान डोर्नच्या मोटारींतली रबरी पट्टा व कप्पी यांची योजना तिच्यांत होती. साडी नेसून नोकरीला जाणाऱ्या कितीतरी स्त्रियांना ह्या गाडीनें स्वतःच्या वेळेचें स्वातंत्र्य दिलें.

ही गाडी विश्वासू ठरली, पण तिचा पट्टा अमर होता म्हणून नव्हे. पट्टा झिजे, कप्पींतले रोलर घासून चपटे होत, क्लचचें अस्तर संपे. परंतु स्कूटरचें वजन थोडें; आणि बाजूचें झाकण उघडून नवा पट्टा घालणें हें कोपऱ्यावरच्या मेस्त्रीच्या आवांक्यांतलें काम. खर्च महिन्याच्या हिशेबांत बसे. विश्वासू यंत्र म्हणजे कधींच न बिघडणारें यंत्र, अशी आपली समजूत असते. वस्तुतः कोणता भाग झिजणार हें आधीं ठाऊक असणें आणि त्याची दुरुस्ती खिशाला झेपणें, हेंहि विश्वासूपणाचेंच अंग आहे. हा धडा पुण्यानें स्कूटरवरून गिरविला होता. लहान मोटारीच्या बाबतींत मात्र त्याची आठवण राहिली नाहीं.

मोटारींत पट्टा पुन्हां आला तो पोलादाचा होऊन. शेंकडों पातळ पोलादी तुकडे एका कड्यांत ओवून केलेला हा पट्टा व्हान डोर्न यांच्याच परंपरेंतला. १९८७ सालीं जपानांत सुबारू जस्टी, आणि युरोपांत फिएट युनो व फोर्ड फिएस्टा ह्या लहान गाड्यांत तो दिसूं लागला. रबरापेक्षां तो किती तरी बळकट. परंतु तो आतां बंद पेटींत, खास प्रकारच्या तेलांत फिरूं लागला. पट्टा कप्पीवर क्षणभर घसरला तरी कप्पीच्या गुळगुळीत पृष्ठावर ओरखडे उठतात, धातूचा कीस तेलांत मिसळतो, आणि तो कीस झडपांत शिरतो. अशा वेळीं नुसता पट्टा बदलून भागेलच असें नाहीं. पुष्कळदां सबंध पेटीच बदलावी लागते. अमेरिकेंत निस्सान कंपनीला २००३ ते २०१० ह्या सालांच्या असल्या गिअरच्या गाड्यांवरील हमी वाढवून १० वर्षें किंवा १,२०,००० मैल करावी लागली. मूळ हमी ५ वर्षें किंवा ६०,००० मैलांची होती. मुदत दुप्पट करणें ही कबुलीच म्हणावयाची.

दुसरा मार्ग निघाला तो यंत्राच्या हातापायांचा. यांत गिअर साध्या गाडीचाच, क्लचहि तोच. फक्त माणसाच्या पायाऐवजीं तेलाच्या दाबानें हलणारा लोखंडी पाय, हाताऐवजीं लोखंडी हात, आणि दोघांना हुकूम देणारा एक छोटा संगणक. ह्या पद्धतीचा जन्म शर्यतीच्या मैदानावर झाला. १९८९ सालीं फेरारीनें ती आपल्या शर्यतीच्या गाडींत आणली. ब्राझिलांतील पहिलीच शर्यत नायजेल मॅन्सेल यानें तिच्यावर जिंकली. पण पुढच्या कित्येक शर्यतींत तीच गाडी बिघाडानें वाटेंतच बसली. इटलीच्या मॅग्नेटी मारेली कंपनीनें पुढें हें तंत्र सामान्य गाड्यांना परवडेल इतकें स्वस्त केलें. २०१४ च्या फेब्रुवारींत मारुतीची सेलेरिओ हा गिअर घेऊन आली, आणि हाताच्या गिअरच्या गाडीपेक्षां सुमारें ४० हजार रुपये अधिक देऊन डाव्या पायाला सुटी मिळूं लागली. तोंवर स्वयंचलित गिअर ही श्रीमंतांची चैन होती; ह्या गाडीनें ती शिक्षकाच्या व कारकुनाच्या घरांत आणून सोडली. जिचा आराखडा पुण्यांत तयार झाला होता त्या टाटांच्या नॅनोलाहि २०१५ सालीं असाच गिअर मिळाला.

ह्या पद्धतीचें श्रेय कमी लेखूं नये. तिच्यांत पेट्रोल वाया जात नाहीं, आणि गिअरची मूळ पेटी मेस्त्रीच्या ओळखीची असते. पण तिच्यांत तेलाची उशी नाहीं. मुंगीच्या पावलांनीं सरकणाऱ्या रहदारींत तबकडी वारंवार अर्धवट घसरते. चढावर ब्रेक न लावतां, नुसत्या पेट्रोलच्या जोरावर गाडी उभी धरली, तर ती सतत घसरत राहते आणि भाजून निघते. अनुभवी चालकाच्या नाकाला जळका वास येतो व तो पाय आवरतो; यंत्राला नाक नाहीं, तें फार तर तापण्याचा अंदाज बांधून दिवा लावतें. आणि तबकडी शाबूत असली तरी दाब निर्माण करणारा पंप किंवा हुकूम पोंचविणारा एखादा भाग बिघडला, कीं गाडी जागची हलत नाहीं. तेथें कोपऱ्यावरच्या मेस्त्रीचा इलाज चालत नाहीं.

तिसरा मार्ग दोन क्लचांचा, आणि येथें आपली गोष्ट चाकणला येऊन पोंचते. ह्या गिअरमध्यें पहिली, तिसरी, पांचवी अशा विषम गति एका क्लचवर, आणि सम गति दुसऱ्यावर असतात. एक क्लच काम करीत असतां दुसरा पुढची गति घालून तयार बसतो. त्यामुळें बदल डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होतो. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीनें २००३ सालीं असा सहा गतींचा गिअर आणला. त्याचे दोन्ही क्लच तेलांत बुडालेले होते व पेटींत साडेसहा लिटर तेल होतें. २००८ सालीं लहान इंजिनांसाठीं तिनें सात गतींचा नवा गिअर काढला. त्याचे क्लच कोरडे होते, आणि तेल अवघें १.७ लिटर. घुसळावयाचें तेल कमी, म्हणून पेट्रोलची बचत अधिक. कागदावर हा हिशेब बिनचूक होता. परंतु क्लचची उष्णता वाहून नेणारें तेल मात्र आतां तेथें उरलें नाहीं.

चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला आणि २०१० सालीं तेथील पोलो गाडी बाजारांत आली. २०१३ सालीं तिचा एक चपळ प्रकार ह्याच सात गतींच्या कोरड्या क्लचचा गिअर घेऊन आला. तरुणांना ती फार आवडली, आणि आवडण्यासारखी होतीहि. परंतु तेंच साल ह्या गिअरच्या कसोटीचें ठरलें. चीनमध्यें ह्या गिअरबद्दल तक्रारींचा ओघ लागला होता. तेथें कंपनीनें २०१२ सालींच हमी १० वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत वाढविली होती. १५ मार्च २०१३ रोजीं चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीनें ग्राहकदिनाच्या कार्यक्रमांत त्या तक्रारी चव्हाट्यावर मांडल्या, आणि कांहीं दिवसांतच कंपनीनें ३,८४,१८१ गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या. नोव्हेंबरांत तिनें जगभरांतील १६ लाख गाड्यांच्या ह्या गिअरमधील कृत्रिम तेल काढून खनिज तेल घालण्याचें जाहीर केलें. कारण असें दिलें कीं, उष्ण व दमट हवेंत, आणि थांबत-निघत चालणाऱ्या रहदारींत, त्या तेलामुळें गिअरच्या विजेच्या पुरवठ्यांत बिघाड होण्याचा संभव आहे. उष्ण हवा, दमटपणा आणि थांबत-निघत चालणारी रहदारी! पावसाळ्यांतल्या मुंबईचें किंवा दसरा-दिवाळीच्या पुण्याचें वर्णन याहून निराळें काय असणार? जर्मनीच्या थंड हवेंत व मोकळ्या हमरस्त्यावर ज्याचे गुण दिसले, त्याचे दोष आपल्यासारख्या देशांतच दिसावयाचे होते. तेल गेलें, तूप गेलें, हातीं धुपाटणें आलें, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

फोर्ड कंपनीची हकीकत याहूनहि बोधप्रद आहे. तिनेंहि फिएस्टा व फोकस ह्या गाड्यांत कोरड्या दुहेरी क्लचचा, सहा गतींचा गिअर घातला होता; भारतांत तो फिएस्टा व इकोस्पोर्ट ह्या गाड्यांत आला. परदेशांत गाडी थरथरते, दचकते, अशा तक्रारी सुरू झाल्या. ऑस्ट्रेलियांत हें प्रकरण न्यायालयांत गेलें आणि २०१८ च्या एप्रिलांत तेथील संघीय न्यायालयानें कंपनीच्या ऑस्ट्रेलियन शाखेला १ कोटि ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. दंड गिअर सदोष होता एवढ्यासाठीं नव्हता. थरथरणें हें गाडींतील दोषाचें लक्षण आहे हें ठाऊक असतांहि कंपनीनें ग्राहकांना, तुमच्या चालविण्याच्या पद्धतीमुळें असें होतें, असें वेळोवेळीं सांगितलें होतें. तक्रारींशीं वागण्याच्या ह्या रीतीसाठीं तो दंड होता.

श्रोतेहो, माझ्या मतें ह्या सबंध इतिहासाचें मर्म ह्या निकालांत सांपडतें. यंत्र नवें असतें तेव्हां त्यांत उणिवा राहणारच. हायड्रामॅटिकपासून फेरारीपर्यंत कोणीहि त्याला अपवाद नाहीं. प्रश्न असा आहे कीं, त्या उणिवा शोधण्याचा खर्च कोणीं सोसावयाचा? महागड्या गाडीच्या मालकाला तो सोसतो. शर्यतीच्या गाडीमागें कारखान्याची तिजोरी उभी असते. लहान गाडीच्या मालकामागें त्याची बचत तेवढी उभी असते. आणि नेमक्या त्याच्याच गाडींत काटकसरीसाठीं नवे प्रयोग सर्वांत अधिक होतात. त्यांत पुन्हां, बाई, तुम्हांला गाडी चालवितां येत नाहीं, असें त्यालाच ऐकावें लागलें, तर तो अन्याय दुहेरी होय.

पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. २०१७ सालीं फोर्डच्या इकोस्पोर्टमध्यें कोरड्या क्लचाच्या जागीं टॉर्क कन्व्हर्टर आला. २०२० सालीं चाकणच्या पोलो व व्हेंटो गाड्यांतहि तेंच झालें. तेथेंहि सहा गतींचा टॉर्क कन्व्हर्टर बसला. २०२१ व २०२२ सालीं चाकणहून निघालेल्या टायगुन व व्हर्टस ह्या गाड्यांच्या लहान इंजिनाला हाच तेलाचा गिअर मिळाला. मोठ्या इंजिनाला मात्र सात गतींचा दुहेरी क्लचच ठेवला गेला. २०२२ च्या मार्चमध्यें टाटांनीं पुण्याच्या कारखान्यांत बनलेल्या अल्ट्रोझ गाडींत दुहेरी क्लच आणला, तो तेलांत बुडालेला, आणि तेल थंड राखण्याची खास व्यवस्था करून. कंपन्यांच्या हिशेबांत किंमत, पुरवठा अशीं अनेक कारणें असतात, हें खरें. पण दिशा पाहिली तर ती एकच दिसते. शंभर वर्षांहून जुना फ्योटिंगरचा तेलाचा जोड लहान गाडींत परत आला. मध्यंतरीं त्याचा उधळेपणाहि कमी झाला होता. गाडीनें वेग घेतला कीं त्याचे दोन्ही पंखे एका कुलपानें जोडले जातात, आणि मग तेलाची घसरण व पेट्रोलची नासाडी थांबते. म्हणजे जुन्याला टाकून नव्हे, जुन्याला सुधारून काम झालें.

यावरून सामान्य ग्राहकानें काय घ्यावें? गाडी विकत घेतांना आपण एकच प्रश्न हटकून विचारतों : गाडी किती देते? त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावे. हिच्यांतील क्लच तेलांत आहे कीं कोरडा? गिअरचें तेल केव्हां बदलावयाचें? आणि हमीची मुदत संपल्यावर हा गिअर उघडून दुरुस्त होतो, कीं सबंध पेटीच बदलावी लागते? तेल आयुष्यभर पुरेल असें उत्तर मिळालें, तर आयुष्य कोणाचें, तेलाचें कीं गिअरचें, हेंहि विचारून घ्यावें. गाडी चालवितांना चढावर ती ब्रेकनेंच उभी धरावी. कोरड्या क्लचाची गाडी रांगेंत इंच इंच सरकवूं नये. पुढें थोडें अंतर पडूं द्यावें आणि मग एकदमच पुढें जावें. आणि गाडी थरथरूं लागली तर तारीख, ठिकाण व किलोमीटर यांची नोंद वहींत ठेवून तक्रार लेखी करावी. तोंडी तक्रारीचें उत्तर तोंडी मिळतें. लेखी तक्रार पुढें पुरावा होते.

आतां विजेच्या मोटारी आल्या आहेत. विजेचें यंत्र बैलाप्रमाणें उभ्या जागेवरूनच ओढतें; त्यामुळें अशा लहान गाड्यांना बदलते गिअर व क्लच लागतच नाहींत. २०२२ सालीं टाटांची विजेवर चालणारी टियागो आली, तेव्हांपासून लहान गाडीच्या गिऱ्हाइकालाहि हा रस्ता खुला झाला. डाव्या पायाला तेथें कायमची सुटी आहे. परंतु तेथेंहि महागडा असा एक भाग आहेच. तो म्हणजे विजेचा सांठा करणारी बॅटरी. तिचें भांडण पुन्हां उष्णतेशींच आहे, आणि तिला थंड कसें राखावयाचें हा प्रश्न पुन्हां पैशाशीं येऊन भिडतो. यंत्र बदललें तरी हिशेब बदललेला नाहीं. जेथें काटकसर केली असेल तेथेंच आधीं पाहावें, एवढें भान ठेवून घेतलेली लहान गाडी कुटुंबाची सेवा पुष्कळ वर्षें करील.